शुक्रवारी रात्री ठरलं, शनिवारी सकाळी निघालो: दोन दिवसांत, दोघींनी, जुनं पुणं

शुक्रवारी रात्री पावणेदहाला नाशिकहून मैत्रिणीचा फोन आला. “अगं, शनिवार-रविवार मोकळे आहेत. शेवटच्या एसटीनं निघतेय. या वेळी मॉलबिल काही नको, मला जुनं पुणं दाखव.” हातात जेमतेम एक रात्र होती. हॉटेल, गाडी, तिकिटं यातलं काही ठरवायला वेळ नव्हता, आणि खरं तर गरजही नव्हती.

अशी अचानक ठरलेली फेरी कशी आखायची ते सविस्तर लिहिते आहे. यापूर्वी मी ती चुकीच्या पद्धतीनं केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आतेभावाला दुचाकीवर मागं बसवून एका दिवसात आठ ठिकाणं दाखवली होती. संध्याकाळी त्याला विचारलं, काय आवडलं? त्याला दोन वाड्यांतला फरक सांगता येईना. दिवसभर आम्ही पार्किंग शोधत होतो आणि फोटो काढून पळत होतो. त्याचा दिवस वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून एकच पद्धत ठेवली आहे: काळाच्या क्रमानं चालायचं. पुण्यात हे जमतं, कारण गाव नदीकाठच्या कसब्यात सुरू झालं आणि पुढे प्रामुख्यानं दक्षिणेकडे, पेठेमागून पेठ असं वाढत गेलं. नदी ओलांडून दक्षिणेला चालत राहिलात की साधारण काळाच्या बाजूनं पुढे सरकता. आठव्या शतकात पाय ठेवून निघायचं आणि दिवेलागणीला १८९० पर्यंत पोहोचायचं. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर.

रात्रीच करून ठेवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, गाडी घरी ठेवायची. पेठांत शनिवारी दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही आणि लावली तर मन तिच्यातच अडकून राहतं. मेट्रोनं आता हे काम फार सोपं केलंय. वनाज-रामवाडी मार्गावरचं महापालिकेचं स्थानक, आणि सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भुयारी स्थानकं, या चौघांच्या आसपासच आपली शनिवारची सगळी फेरी येते. दमलात तर कुठूनही रिक्षा करून जवळच्या स्थानकावर जाता येतं.

दुसरी, पादत्राणं. दिवसभरात देवळांत चार-पाच वेळा चपला काढाव्या लागतात. नाडीचे बूट घातलेत तर तिसऱ्या देवळापर्यंत कंटाळा येतो. पट्ट्याची, टाचेला धरणारी सँडल सगळ्यात बरी. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, सुट्टे पैसे, आणि फोन दिवसभर फोटो काढून मान टाकतो म्हणून पॉवर बँक. संग्रहालयांच्या वेळा सणावारी बदलतात, म्हणून निघण्याआधी एक फोन करून घ्यावा. गणेशोत्सवाचे दहा दिवस मात्र या फेरीसाठी टाळा. मध्य भागातले रस्ते वाहनांना बंद असतात आणि गर्दीत वास्तू दिसतच नाहीत. गणपती बघायला तेव्हा वेगळं या.

तिसरी गोष्ट मैत्रीसाठी. आम्ही रात्री चहा पिताना एक नियम केला: एक ठिकाण तुझं, एक माझं, आणि एक वाटेत सापडेल ते. जिचं ठिकाण ती म्हणेल तितका वेळ थांबायचं, दुसरीनं घाई करायची नाही. तिनं केळकर संग्रहालय मागितलं, मी त्रिशुंड गणपती. खर्चही तेव्हाच ठरवला. दिवसभराचा एकीनं करायचा, दुसऱ्या दिवशीचा दुसरीनं. दर चहाला पाकीट काढायची झटापट वाचते.

शनिवार, सकाळी आठ: पाताळेश्वर

सुरुवात नदीच्या अलीकडे, जंगली महाराज रस्त्यावर. रस्त्यावरून बघितलं तर झाडं आणि कुंपण एवढंच दिसतं. आत शिरून काही पायऱ्या उतरलात की समोर राष्ट्रकूटकालीन लेणं. आठव्या शतकातलं, एकाच बेसॉल्ट खडकात वरून खाली कोरत नेलेलं. अंगणात नंदीचा गोल मंडप, जाड चौकोनी खांबांवर गोल छत तोललेलं. मंडपाला हात लावून बघा, सकाळी दगड गार असतो. आतल्या सभामंडपाचे काही भाग अर्धवट राहिलेत. ते मुद्दाम बघण्यासारखे आहेत, कारण तिथं लेणं कसं खोदतात ते कळतं. गुळगुळीत झालेला खांब तयार वस्तू म्हणून समोर येतो, अर्धवट भिंत मात्र कारागिराचं काम दाखवते.

इथं अर्धा तास द्या. शेजारीच जंगली महाराजांचं समाधी मंदिर आहे, तेही बघून घ्या. मग चालत महापालिकेवरून नव्या पुलावर. कागदोपत्री तो शिवाजी पूल, पण पत्ता विचारताना नवा पूलच म्हणा. पूल ओलांडला की समोर शनिवारवाड्याची तटबंदी दिसते. मोह आवरा, आधी तिच्या बाजूनं पुढे कसब्यात जा. पुणं वाड्याच्या आधीपासून होतं.

कसबा: देऊळ, महाल आणि हातोडीचा आवाज

कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. पुण्याची जहागीर सांभाळायला जिजाबाई आणि बाळ शिवाजी आले तेव्हा उजाड झालेलं हे गाव पुन्हा वसवलं गेलं, आणि या देवळाची कथा त्याच काळाशी जोडलेली आहे. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याचाच. देऊळ लहान आहे, दहा मिनिटं पुरतात.

लाल महालाबद्दल पाहुण्याला आधीच खरं सांगा: आज दिसते ती इमारत मूळची नाही. महापालिकेनं ती नव्यानं बांधली, १९८८ मध्ये पूर्ण झाली. तरी तिथं थांबायचं, कारण ही जागा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीची आहे. शायिस्तेखान सैन्यासह पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि शिवाजी महाराज निवडक माणसं घेऊन थेट त्याच्या मुक्कामात शिरले. खान बोटं गमावून निसटला आणि लवकरच पुणं सोडून गेला. आजूबाजूच्या अरुंद गल्ल्यांकडे बघा. ज्या घरात आपण लहानपणी वाढलो त्याचे कोपरे न कोपरे माहीत असणं म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

आता नकाशा बंद करा आणि कानानं चाला. कसब्यातच तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेली तांबट कुटुंबं इथं वसली आणि अजूनही काही घरांत तांब्याची भांडी घडवतात. आळीच्या तोंडाशी आलं की ठोक-ठोक ऐकू येते. भांडं घडल्यावर त्यावर हातोडीनं एकसारखे ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि अंगावर ती चमचमती खळ्यांची नक्षी उमटते. आम्ही एका दारात उभ्या राहिलो. आतले काका बंबाच्या पोटावर ठोके मारत होते. एक हात भांडं किंचित फिरवतो, दुसरा ठोका टाकतो, आणि खळ्यांची ओळ कुठंही चुकत नाही. मैत्रिणीनं विचारलं, “काका, खूण न करता ओळ सरळ कशी येते?” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “बाई, आवाज बदलला की समजतं चुकलं.” आमचं वाटेत सापडलेलं ठिकाण तेच झालं. इथं फोटो काढायचे तर विचारून काढा, आणि जमलं तर एखादा लहान तांब्या विकत घ्या.

शनिवारवाडा: कुठं बघायचं

साधारण साडेदहा ते बारा हा वेळ वाड्याला. इथं बहुतेकांची निराशा होते. भव्य दरवाजातून आत गेलं की हिरवळ आणि जोती दिसतात, वाडा कुठंय? पाहुण्याला आधी कथा सांगितली तर असं होत नाही.

पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. पहिल्या बाजीरावानं बांधलेल्या या वाड्याचे मजले पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेले. आतला भाग सागवानी लाकडाचा होता. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि लाकडाचं होतं ते सगळं गेलं. उरलं ते दगड, वीट आणि पाणी.

म्हणून क्रमानं या तिन्ही गोष्टी बघायच्या. आधी दगड: उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा. दाराच्या फळ्यांवरचे टोकदार लोखंडी खिळे किती उंचीवर आहेत ते बघा. हत्तीनं धडक मारू नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजाही दिसेल, माणसांची रोजची ये-जा त्यातून. मग वीट: तटाचा खालचा भाग दगडी आणि वर विटांचं काम आहे, तो जोड शोधा. नगारखान्यावर चढा, तटावरून फेरी मारा. वाड्याचा आवाका खालून कळत नाही, वरून कळतो.

आणि पाणी. हजारी कारंज्याचा सोळा पाकळ्यांचा दगडी हौद अजून जागेवर आहे. इथलं पाणी कुठून येई? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून ते शहरात आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी हौद होते, त्यावर लोक पाणी भरत. पंप नाही, वीज नाही, निव्वळ उतारावर खेळवलेलं पाणी. काळा हौद, फडके हौद ही आजची चौकांची नावं त्या हौदांच्या काळातली आहेत. दिवसभरात अशी नावं लिहिलेल्या पाट्या मोजत चला.

बाहेर पडताना दक्षिणेकडचा नारायण दरवाजा दाखवा. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना वाड्यात मारलं. ‘ध’ चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो तो याच घटनेतून आलेला: धरावे चे मारावे झाले, असं सांगतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी यात रघुनाथरावाला दोषी ठरवलं, सत्तेवर बसलेल्या माणसाला. लोक भुताच्या गोष्टी ऐकायला इथं येतात. मला रामशास्त्र्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

माझं ठिकाण: त्रिशुंड गणपती

शनिवारवाड्यावरून रिक्षा करून सोमवार पेठेत या, कमला नेहरू रुग्णालयाच्या जवळ. चालत आलात तर वीस मिनिटं. पुण्यात राहणाऱ्या कितीतरी जणांनी हे देऊळ पाहिलेलं नाही, म्हणून इथं जरा जास्त लिहिते.

भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये हे बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पेशवाईतली बहुतेक देवळं विटा-चुन्याची, साधी. हे मात्र पायापासून काळ्या दगडात कोरलेलं, दर्शनी भिंतीवर इंचभर मोकळी जागा नाही. दाराशी द्वारपाल, वर हत्ती, पोपट, वेली. उन्हाची तिरीप पडली की खोदकाम उठून दिसतं, ढगाळ दिवशी फोनचा टॉर्च तिरका धरा.

आता खालच्या अंगाला नजर न्या. एक गेंडा साखळीनं बांधलेला आहे आणि बांधणारे शिपाई पोशाखावरून इंग्रज वाटतात. पुण्यात, पेशव्यांचा अंमल भरात असताना, देवळाच्या भिंतीवर इंग्रज शिपाई! १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगाल इंग्रजांच्या हाती गेला, त्याचं हे रूपक असावं असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर कुणा गोसाव्यानं पूर्वेकडची बातमी दगडात कोरून ठेवली आणि शेजारच्या वाड्यातल्यांना पुढे काय येतंय ते सांगितलं. मैत्रीण त्या गेंड्यासमोर मांडी घालून बसली. पंधरा मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही.

गाभाऱ्याच्या भिंतीत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मूर्तीला एक मुख, तीन सोंडा, सहा हात आणि वाहन मोर. खाली तळघर असून त्यात गोसाव्यांची समाधी आहे.

दुपार: जेवण, मग सावली

दीड वाजता ऊन तापतं. मंडईकडे रिक्षा करा. तिखट चालत असेल तर तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ, नाहीतर लक्ष्मी रस्त्यावर कुठंही थाळी. पोट भरल्यावर तुळशीबागेतल्या राममंदिरात जा. खरेदीच्या गर्दीत दार शोधावं लागतं, पण आत गेलात की एकदम शांत फरसबंद अंगण आणि डोक्यावर उंच शिखर. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी हे १७६० च्या दशकात सुरू केलं आणि काम पूर्ण व्हायला १७९५ उजाडलं. लाकडी सभामंडपात बसून अर्धा तास विसावा घ्यायला हरकत नाही.

मग मैत्रिणीचं ठिकाण, बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. उन्हाच्या वेळेला संग्रहालय ठेवायचं हा हिशेब लक्षात ठेवा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. इथं शस्त्रांपेक्षा अडकित्ते, दिवे, फणी, कुलपं बघा. पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता, विंचवाच्या आकाराचं कुलूप. राजे नाही, घरातली माणसं भेटतात. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल इथंच आहे. सगळे मजले संपवायचा हट्ट धरू नका. एक तास, दोन दालनं. बाहेर आल्यावर प्यायची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट मिल्कशेक, हवी असेल तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानी.

चार ते साडेसहा: पेशवाईचा शेवट आणि त्यापुढचं

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. दर्शनी लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा, जवळून समग्र दिसत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तीनच वर्षांत याच वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं.

तिथून मंडई. १८८६ मध्ये उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावानं ओळखली जाई. एवढा खर्च बाजारावर करायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणाकडे जावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज इमारत त्यांच्याच नावानं उभी आहे. दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा बघा. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथं काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, तिथं स्मारक होत आहे. ती मोडकळीला आलेली वास्तू मी कित्येकदा बघितली होती आणि दर वेळी वाटायचं, पुन्हा सावकाश येऊ. अशा ठिकाणी लगेच जावं.

शेवटचं ठिकाण गंज पेठेतला फुलेवाडा. बंद होण्याची वेळ गाठायची तर पाचपर्यंत पोहोचा, उशीर झाला तर मंडई मागे ठेवा. कौलारू बुटकं घर, ओसरी, अंगण. या घरचं पाणी १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं. सकाळी शनिवारवाड्यात कारंज्याचा हौद बघितलेला असतो, पाण्याची गोष्ट तिथून निघून इथं पोहोचते. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव इथंच गेले. अंगणातल्या वृंदावनाशी आम्ही उजेड सरेपर्यंत बसलो.

रविवार: पर्वती, आणि मग दोनपैकी एक

सहाला पर्वतीच्या पायथ्याशी असा. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि सोप्या. नानासाहेब पेशव्यांनी वरचं देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ मध्ये बांधलं आणि पानिपतानंतर, २३ जून १७६१ ला, याच टेकडीवर त्यांचा अंत झाला. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई इथूनच पाहिली. तटाशी उभं राहून कालचा रस्ता बोटानं दाखवत जा. आदल्या दिवशी पायाखालून गेलेलं गाव इथं अख्खं समोर मांडलेलं दिसतं.

आकाश स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो आणि तिथं जावंसं वाटतंच. पण रविवारी नऊनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. सिंहगडच करायचा असेल तर पर्वती सोडा. पहाटेच स्वारगेटहून पायथ्याची पीएमपी, म्हणजे शहर बस, पकडा आणि आतकरवाडीहून पायवाटेनं तास-दीड तासात चढा. कल्याण दरवाजा, तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, राजाराम महाराजांची समाधी, देवटाक्याचं गार पाणी. मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन अकराच्या आत उतरायला लागा. पावसाळ्यात वाट निसरडी असते, कड्याच्या टोकाला जाऊ नका.

आम्ही आगाखान पॅलेस निवडला. चालून पाय भरले होते, आणि कालच्या क्रमाचा पुढचा टप्पा तोच होता. मेट्रोनं कल्याणीनगरला उतरून नगर रस्त्यानं थोडं चालावं किंवा रिक्षा करावी. १८९२ ची इमारत, इटालियन कमानी, मोठं उद्यान. ‘भारत छोडो’च्या ठरावानंतर दुसऱ्याच सकाळी, ९ ऑगस्ट १९४२ ला, गांधीजींना अटक करून इथं आणलं. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई इथं गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले तेव्हा ही दोन माणसं बरोबर नव्हती.

आधी खोल्या बघा, त्यांची साधी भांडीकुंडी काचेआडून बघा, आणि मग मागच्या बाजूला समाध्यांकडे चालत जा. क्रम उलटा करू नका. आम्ही गेलो तेव्हा एक मावशी समाधीजवळचा पाचोळा झाडत होत्या. मैत्रिणीनं चपला काढल्या, खराटा मागून घेतला आणि कोपऱ्यातली पानं गोळा केली. तिची एसटी साडेतीनची होती. दोनला निघालो तरी पुरलं.